भरल्या गाडीत बोलायचं नाही

आमच्या गाडीत गाणं लागत नाही. ज्याला गाणी ऐकत जायचं असेल त्याने दुसऱ्याची गाडी बघावी. हे मी पाहुण्यांना ऐकवलं, व्याह्यांना ऐकवलं, एकदा वाटेत गाडीत घेतलेल्या पोलिसालाही ऐकवलं. तो बिचारा नुसती शीळ घालत होता.

आमचा धंदा काचेचा. खिडक्यांच्या काचा, कपाटांचे आरसे, मोठ्या दुकानांना लागतात त्या माणसापेक्षा उंच काचा. खाली दुकान, दुकानामागे कापायचं टेबल आणि कडा घासायचं मशीन, वर आम्ही राहतो. मी चौथीपर्यंत शिकले. पण काचेला नख मारून ती किती जाड आहे ते सांगते, तोवर पदवीवाले फूटपट्टी शोधत असतात.

काच आडवी नेत नाहीत, उभी नेतात. टेम्पोत मागे एक लाकडी घोडी असते, दोन्ही अंगांनी उतरती, घराच्या छपरासारखी. तिला काचा टेकवायच्या, वरून पट्टे आवळायचे आणि प्रत्येक काचेच्या खालच्या कडेला दोन उशा द्यायच्या. उशी म्हणजे तळहाताएवढी, जुन्या ब्लँकेटच्या घड्या घालून शिवलेली. ती खरखरीत असते म्हणून काच जागची हलत नाही. उशा हे माझं खातं. शिवायच्या मी आणि ठेवायच्याही मी. पुरुषांनी काच उचलून धरायची, मी वाकून उशी सरकवायची. सुनेला मी त्याला हात लावू दिला नाही. तिने विचारलं की मी म्हणायची, आधी सुईत दोरा ओवून दाखव. ती एका झटक्यात ओवून दाखवायची, मग मला जास्तच राग यायचा.

आणि गाडी चालवताना ऐकायचं. नीट बांधलेली काच चालत्या गाडीत एका सुरात गुणगुणत असते. पट्टा सैल पडला किंवा काच कणभर सरकली की एकदाच 'टिक' असा आवाज येतो. दुसऱ्यांदा येतो तो फुटल्याचा. पहिल्या आवाजाला गाडी थांबवली तर माल वाचला. म्हणून आमचे हे गाडी चालवायचे ते मान जराशी डाव्या खांद्याकडे कलती ठेवून, खिडकी चार बोटं उघडी टाकून, तोंडातून अवाक्षर न काढता.

लग्नानंतर पहिल्यांदा मी यांच्या शेजारी बसले तेव्हा माहेरच्या गोष्टी सांगत सुटले. यांनी दोन वळणं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, अगं, जरा गप्प बस, तिला बोलू दे. ही तिसरी कोण, म्हणून मी मागच्या झरोक्यातून पाहिलं. मागे एका कपाटाचा आरसा होता आणि त्यात मीच दिसत होते, तोंड उघडं टाकलेली. तेव्हापासून भरल्या गाडीत मी बोलत नाही. चाळीस वर्षांत माझं तोंड बंद करायला जमलं ते फक्त त्या आरशाला.

आमचा मुलगा एकुलता एक, आणि तो गायचा. शिकला नव्हता कुणाकडे. काच कापताना, हात धुताना, जिना चढताना, अखंड. हे त्याला 'गवई' म्हणायचे. गवई, जरा टेप आणा. गवई, ते टोक धरा. हाताशी येऊन गाडी चालवायला लागला तसं त्याने पहिल्या महिन्यातच गाडीत गाणी लावायचं यंत्र बसवून घेतलं. मी आकाशपाताळ एक केलं. हे म्हणाले, ओरडू नकोस, तोड काढू. आणि बापलेकांचं ठरलं की जाताना भरली गाडी, तेव्हा शांत. येताना रिकामी, तेव्हा गाणी. तोही कधी त्यातून हटला नाही. शेवटची काच उतरली की आधी घोडीवरचे पट्टे गुंडाळायचा, मगच यंत्राला हात लावायचा. येताना तो गायचा आणि हे बोटांनी दारावर ठेका धरायचे. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की मला वर स्वयंपाकघरात कळायचं, माल उतरला, रिकामे आले. मी चहाचं आधण टाकायची.

आता जे झालं ते सांगते. अकरा वर्षांपूर्वीचं आहे, पण मला कालचं वाटतं.

नाचाच्या एका क्लासने सात आरसे सांगितले होते, दीड माणूस उंच, भिंतभर. क्लासची बाई माप सांगायला दुकानात आली. मी उशा लावून ठेवत होते, तर तिने दोन बोटांत एक उशी उचलली आणि विचारलं की ही फडकी धुतलेली असतात ना, आमच्या मुली आरशाला हात लावतात. फडकी म्हणाली. मी हसले वरवर, पण ते मला असं झोंबलं की रात्रीचं जेवण गेलं नाही. घरात खुर्च्या मढवून उरलेलं रेक्झिन होतं, तपकिरी, चकचकीत. त्याच्या खोळी शिवल्या चौदा. सात आरसे, प्रत्येकी दोन. सून बाळंतपणासाठी दवाखान्यात होती, नाहीतर तिने नक्की विचारलं असतं की आई, यावरून काच घसरायची नाही का. आणि मी तिला सुईत दोरा ओवायला सांगितलं असतं. तेव्हा ती नव्हती म्हणून झालं असंही मला म्हणता येत नाही.

ज्या दिवशी आरसे न्यायचे त्याच्या आदल्या दुपारी नात झाली. इतकी रडली की तिला पहिल्याच दिवशी मी 'भोंगा' नाव ठेवलं, आणि तेच राहिलं. सकाळी बापलेक दोघेही हवेत होते. त्यांनी आरसे उचलून धरले, नजर वरच्या कडेवर, जशी असते तशी. मी वाकून एकेक उशी सरकवली. उशा मी ठेवल्या म्हणजे त्या कुणी तपासायच्या नसतात, हा आमच्या घरातला नियम. तो मीच केलेला. मागे सरून पाहिलं तर अगदी शोरूमसारखं दिसत होतं. मनात म्हटलं, आता म्हण बये फडकी.

वाटेत काय झालं ते मला यांनी नंतर सांगितलं. मुलगा ओठांतल्या ओठांत गुणगुणत होता. हे म्हणाले, लाव रे, आज तुझी मुलगी आली, आज लाव, फक्त हळू लाव. उभ्या आयुष्यात एकदाच यांनी भरल्या गाडीत गाणं लाव म्हटलं. मुलाने हळूच लावलं. क्लासच्या दारात पोहोचले, हे उतरून मागे गेले आणि त्यांनी दार उघडलं. सगळ्यांत बाहेरचा आरसा खालून सरकून बसला होता, पट्टा ढिला लोंबत होता. आरसा सरळ यांच्या अंगावर आला. यांनी उजवा हात आडवा घातला.

जीव वाचला. मनगटाच्या वर तुटायचं ते तुटलं. डॉक्टरांनी शिवलं, पण उजव्या हाताची तीन बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. हिऱ्याने काच कापणाऱ्या माणसाची तीन बोटं.

यांना त्याच दवाखान्यात आणलं होतं जिथे वरच्या मजल्यावर मी भोंग्याला मांडीवर घेऊन बसले होते. धावत खाली आले. मुलगा बाकावर बसला होता, शर्टाला बापाचं रक्त. म्हणाला, आई, खालून सरकली गं, पट्टा तर मीच आवळला होता, खालून कशी सरकली तेच कळत नाही.

त्या क्षणी मला कळलं. माझी पाचावर धारण बसली. डोळ्यांपुढे ते तपकिरी रेक्झिन आलं. तो अजून विचारच करत होता, भाबडा, आणि पुढे आपणहून म्हणाला की गाणं चालू होतं, हळू होतं, पण टिक ऐकू आली नसेल.

बुडत्याला काडी मिळावी तशी मी ती पकडली. बाकांवर दहा माणसं बसली होती, नर्स होत्या. मी त्या सगळ्यांदेखत म्हणाले,

"तुझ्या गाण्यानं बापाचा हात खाल्ला."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. माझी जीभ धारेची आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी अंगाला लावून घेत नसे. हे त्याने लावून घेतलं.

आता कुणी म्हणेल, गाणं नसतं तर टिक ऐकू आलीच असती, म्हणजे तुझं काही खोटं नव्हतं. मीही स्वतःला हे पुष्कळ सांगितलं. पण टिक व्हायची वेळ आणली कुणी?

संध्याकाळी गाडी दुकानासमोर आणून लावली होती. सगळे दवाखान्यात असताना मी उशा गोळा केल्या, खोळी उसवल्या आणि दोन गल्ल्या सोडून कचराकुंडीत टाकून आले. उशा पुन्हा जागेवर, खरखरीत, जशा होत्या तशा. मोजल्या तर तेरा भरल्या. चौदावी काचांबरोबर झाडली गेली असेल म्हणून मी सोडून दिलं.

मुलाने दुसऱ्याच दिवशी यंत्र उपटून काढलं. तिथे जे भोक राहिलं त्यावर प्लायवूडचा तुकडा दोन स्क्रूंनी बसवला. आणि गाणं सोडलं. कुणी शपथ घालावी लागली नाही, त्याने कानाला खडाच लावला. काच कापताना नाही, हात धुताना नाही. जिन्यावर नुसती पावलं वाजायला लागली.

यांना गाडी चालवता येईना, हिरा धरता येईना. तरी रोज गाडीत मुलाशेजारी जाऊन बसायचे. दहा वर्षं बसले. मान डावीकडे कलती. मुलाला कान यांनीच दिला. जाताना शांत, आणि आता येतानाही शांत. रिकामी गाडी गल्लीत कधी शिरली ते मला वर कळेनासं झालं. चहाचं आधण मी आपली अंदाजाने टाकायला लागले.

एकदा संध्याकाळी हे डाव्या हाताने चहा पीत बसले होते. म्हणाले, येताना मी त्याला म्हणतो, लाव की रे काहीतरी, तर म्हणतो राहू दे अण्णा. मग म्हणाले, "पोरगं गात नाही गं आता." आणि माझ्याकडे पाहत राहिले. कितीतरी वेळ पाहिलं. मी म्हणाले, वय झालं त्याचं, बाप झाल्यावर कोण गात बसतं. आणि मी कप उचलून मोरीकडे गेले.

नऊ महिन्यांपूर्वी हे गेले. दुपारी दुकानात खुर्चीत बसल्या बसल्या. महिनाभराने मी त्यांचा टेबलाखालचा खण आवरायला घेतला. कापायचा जुना हिरा, खडूचे तुकडे, आकडे पुसलेली टेप, एक चष्मा, दांडीला दोरा बांधलेला. आणि अगदी मागे, रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. सोडलं तर आत माझी चौदावी उशी.

तपकिरी रेक्झिन. माझीच धावदोऱ्याची शिलाई, एका कोपऱ्यात आखूड पडलेली, कारण तिथे दोरा संपला होता. एक बाजू काळी पडलेली, कडक. ते काय ते मला कुणी सांगायला नको होतं. हात कापलेला असताना त्यांनी ती कधी उचलली, दवाखान्यातून घरी कशी आणली, मला माहीत नाही. इतकंच कळलं की त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी खुर्चीत बसले, त्यांच्याच. त्या संध्याकाळचं त्यांचं पाहणं आता मला समजलं. त्यांनी मला दार उघडून दिलं होतं, आणि मी कप घेऊन मोरीकडे गेले होते. स्वतः बोलले असते तर पोराच्या छातीवरचा दगड एका वाक्यात उतरला असता. नाही बोलले. चारचौघांत बायकोची मान खाली जाऊ नये म्हणून त्यांनी पोराचा गळा बंद राहू दिला. हे प्रेम म्हणायचं की काय म्हणायचं, मला चौथीवालीला सांगता येत नाही. त्या दिवशी मला त्यांचा राग आला. मग राग यायला आपल्याला तोंड नाही हे आठवलं.

तरीही मी सहा महिने मूग गिळून बसले. खोटं कशाला बोलू. आज सांगते, उद्या सांगते, असं करत राहिले. शेवटी भोंग्याने माझी मान धरली. आता अकरा वर्षांची आहे, आणि बापाचा गळा जसाच्या तसा तिच्यात उतरलाय. न्हाणीत गाते तर शेजारच्या बायका खिडकी उघडतात. तिच्या शाळेतल्या बाईंनी निरोप पाठवला की हिला गाण्याच्या क्लासला घाला. मुलगा म्हणाला, नको, अभ्यास कर. ती हट्टाला पेटली, तर हा कधी आवाज न चढवणारा माणूस ताट सोडून उठला आणि खाली गेला. पोरगी माझ्याकडे आली आणि तिने विचारलं, "आजी, गाणं म्हणणं वाईट असतं का?"

दुसऱ्या दिवशी एका शाळेच्या जिन्याला चार काचा जायच्या होत्या. मी पिशवी घेतली, तिच्यात रुमालासकट ती उशी टाकली आणि गाडीत जाऊन बसले. सून खाली उशा सरकवत होती. हल्ली तीच ठेवते, आणि माझ्यापेक्षा बरी ठेवते, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. मुलाने विचारलं, तू कुठे? मी म्हणाले, हवा खायला. तो म्हणाला, बस.

यांची सीट मध्ये खचलेली आहे. त्या खड्ड्यात मी नीट बसले. गाडी मोठ्या रस्त्याला लागली तशी मी घसा साफ केला आणि म्हणाले, मला तुला एक सांगायचंय.

"आई, आत्ता नको. काच आहे मागे."

किती साधं बोलला. माझाच नियम होता. मी तोंड मिटलं.

सव्वा तास. रस्त्यात दोन उखडलेले पूल लागले, एका ठिकाणी खडी पसरली होती. काच मागे एका सुरात गुणगुणत होती. मी त्याच्याकडे पाहत होते. मान डाव्या खांद्याकडे कलती, खिडकी चार बोटं उघडी, केस कानांवर पांढरे झालेले. समोर तो प्लायवूडचा तुकडा, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. हे इथे दहा वर्षं बसले. डाव्या बाजूला त्यांना रस्ता होता, उजव्या बाजूला हा. दोघांच्या मध्ये एवढासा तुकडा. पिशवीतली उशी मला मांडीवर दगडासारखी लागत होती. ही शांतता आजवर मी जगाला कौतुकाने सांगत आले. आत बसून पाहिली तर ती निम्मी काचेची होती आणि निम्मी माझी.

शाळेत काचा उतरल्या. त्याने पट्टे गुंडाळले. निघालो. मागे रिकामी घोडी खडखडत होती. आता बोलायला हरकत नव्हती आणि मी खिडकीची काच वरखाली करत बसले होते. त्यानेच विचारलं,

"काय म्हणत होतीस?"

मी सांगितलं. रेक्झिन सांगितलं, क्लासची बाई, फडकी, खोळी, कचराकुंडी, सगळं. आडपडदा ठेवला नाही, रडलेही नाही. रडून सांगितलं की माणूस आधी आपल्याला पाणी देतो, मग त्याचं दुःख मागे राहतं. सांगून झालं तेव्हा त्याने गाडी एका लांब भिंतीकडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. हात चाकावर तसेच.  शेजारून एक सायकलवाला गेला, त्याच्या साखळीचा आवाज संपेपर्यंत ऐकू आला.

मग त्याने विचारलं, "अण्णांना माहीत होतं?"

हा प्रश्न येईल हे मला सुचलंच नव्हतं. इतके दिवस मी फक्त माझं तोंड कसं उघडेल तेवढंच बघत होते. उशी पिशवीत होती. हात घालून काढायची, त्याच्या मांडीवर ठेवायची, एवढंच काम. पण काढली की बाप गेला त्याचा. ज्या माणसाने याला कान दिला, गवई म्हटलं, दारावर ठेका धरला, तोच दहा वर्षं शेजारी बसून याला आतल्या आत कुढताना बघत होता, हे त्याने मरेपर्यंत कुठे ठेवायचं? आई तर त्याची अर्धी तशीही गेली होती. निदान एक तरी राहू दे.

"नाही," मी म्हणाले. "त्यांना काही माहीत नव्हतं. ते स्वतःलाच बोल लावत गेले. म्हणायचे, लाव मीच म्हणालो, पोराचा काय दोष."

जन्मात मी पुष्कळ खोटं बोलले, ते माझ्यासाठी. हे एक त्यांच्यासाठी. ते माझ्यासाठी गप्प राहिले होते, मी त्यांच्यासाठी बोलले. फिटलं असं मी म्हणत नाही.

मुलाने डोळे मिटले. मला वाटलं होतं, ऐकून त्याला हलकं वाटेल. पण तो वेगळ्याच ठिकाणी पोहोचला होता.

"म्हणजे आम्ही दोघं," तो म्हणाला, "दहा वर्षं इथं शेजारी शेजारी बसून." ते वाक्य त्याने पुरं केलं नाही. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आणि तू वर बसून उशा शिवत होतीस."

मी पिशवीचे बंद हाताभोवती गुंडाळले. 

मी म्हणाले, पोरीला गाऊ दे. तो म्हणाला, तू ने तिला क्लासला, मी नेणार नाही. मी म्हणाले, आणि तू? गाडी रिकामी आहे, तू म्हण काहीतरी. वेडेपणाच होता माझा. त्याने मान हलवली. "येत नाही आता," तो म्हणाला. रागाने नाही, कुणी हत्यार हरवलं म्हणून सांगतं तसा. मग त्याने इंजिन चालू केलं. गिअर टाकून हात मागे घेताना त्याची बोटं समोर गेली, जिथे पूर्वी यंत्राचं बटण होतं नेमकी तिथे, प्लायवूडला लागली आणि परत चाकावर आली. त्याला ते कळलंही नसेल. घरी येईपर्यंत घोडी तेवढी खडखडत होती, आणि मागे काही नव्हतं तरी त्याची मान डावीकडेच होती.

याला दोन महिने झाले. तो माझ्याशी बोलतो ते सुनेच्या तोंडून. आईंना विचार औषध घेतलं का. आईंना सांग पंखा दुरुस्त झाला. 'आईंना' म्हणतो, सुनेच्या शब्दात. मी काही म्हणत नाही. मी त्याला ते दहा माणसांदेखत दिलं होतं, तो मला चार भिंतींत देतोय, म्हणजे तो माझ्यापेक्षा बराच. यंत्राच्या जागी प्लायवूड तसंच आहे. उशी माझ्या पेटीत तळाशी आहे, आणि मी गेले की ती माझ्याबरोबर जावी अशी तजवीज कशी करायची ते मला अजून सुचलेलं नाही. सुनेला सांगावं लागेल. तिला सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागेल.

भोंग्याला मी क्लासला नेते. ती घरी येऊन संध्याकाळी वरच्या खोलीत गाते. खाली त्या वेळी कडा घासायचं मशीन चालू असतं, त्याची घरघर जमिनीतून पायांना लागते. दोन दिवस ते तसंच चालू राहिलं. तिसऱ्या दिवशी पोरीने सूर लावला आणि पायांखालची घरघर थांबली. मी जिन्यापर्यंत गेले. खाली उतरले नाही. वरून वाकून पाहिलं, तर तो मशीनसमोर उभा होता, हातात काच, मान डावीकडे कलती.

तिचं गाणं संपलं आणि मशीन पुन्हा सुरू झालं. आता रोज असंच होतं. मी चहाचं आधण तेव्हा टाकते.